काचेच्या रिकाम्या बाटल्यांवर समुद्रकिनारा रंगवायचाय: प्राइमर, वाळू, काथ्या कुठला घेऊ? (सांगली)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. विश्रामबागेत राहते. वाईनच्या ७५० मिलीच्या चार, कोकम सरबताच्या तीन आणि मधाच्या दोन रुंद तोंडाच्या बरण्या साठल्यात. भंगारात घालण्यापेक्षा त्यांचा एक संच करावा म्हणते: खाली वाळू, वर लाटा, गळ्याला काथ्या, एखाददुसरी शिंपली. पाच बैठकीतल्या शोकेसवर ठेवायच्या, दोनमध्ये मनीप्लांट लावायचा, दोन दिवे घालून बाल्कनीत. काचेवर साधं ॲक्रिलिक टिकतं का, की काचेचे वेगळे रंग घ्यावे लागतात? वाळू कुठली? काथ्या किती मीटर लागेल आणि तो कशानं चिकटवायचा? घरात ओव्हन नाही, मायक्रोवेव्ह आहे. जाणकारांनी सांगा.

कुंचलेवाला
ताई, रंगाचं नंतर बघू, आधी बाटली. काच रंग पीत नाही. कागद, लाकूड, मडकं थोडा रंग आत ओढून घेतात, काचेवर तो नुसता बसलेला असतो. त्यामुळे बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी तेवढ्या जागेचा पापुद्रा सुटतो, आणि एकदा कड सुटली की नखानं अख्खी साल निघते.

लेबलं दोन जातींची असतात. सरबताची आणि बरीचशी वाईनची कागदी लेबलं पाण्यात सुटणाऱ्या गोंदाची असतात. बादलीत कोमट पाणी घ्या, लिटरमागे एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाका आणि बाटल्या पाणी भरून रात्रभर बुडवून ठेवा. रिकामी बाटली तरंगते आणि अर्धं लेबल कोरडंच राहतं. मधाच्या बरण्यांवर बहुधा स्टिकर असतो, तो पाण्याला दाद देत नाही. हेअर ड्रायरनं दोन मिनिटं गरम करून कोपऱ्यातून सावकाश ओढा. मागे राहिलेल्या चिकट थरावर खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा सम प्रमाणात कालवून लावा, अर्ध्या तासानं जुन्या टूथब्रशनं घासा.

आता हे तेल काढणं हेच खरं काम. भांड्याच्या साबणानं दोनदा धुवा, सुकवा, मग सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन पुसा. त्यानंतर बाटली फक्त गळ्याला धरायची.

आतून वास येत असेल तर मूठभर तांदूळ, थोडं व्हिनेगर आणि पाणी घालून खळखळवा, धुवा, मग दोन दिवस पालथी ठेवा. आत ओल असताना बूच लावलं तर काच आतून धुरकट दिसते. वर कितीही सुंदर रंगवा, दिवा लावला की ते उठून दिसतं.

पुढे पाणीपेपर, ३२० किंवा ४०० नंबरचा. ओला करूनच घासा, काचेची भुकटी हवेत उडता कामा नये. चमक गेली की थांबा. धुवा, सुकवा, परत स्पिरिट. मग जेसोचे (म्हणजे रंग धरून ठेवणारं पांढरं अस्तर, प्राइमर) दोन पातळ हात, ब्रशनं न ओढता स्पंजनं टिपून. पहिल्या आणि दुसऱ्या हातात किमान एक तास, आणि रंग दुसऱ्या दिवशी. जेसो नसेल तर पांढरं ॲक्रिलिक दोन भाग, प्लास्टर ऑफ पॅरिस एक भाग, पाणी एक भाग. प्लास्टर आधी पाण्यात कालवा, गुठळ्या मोडा, मग रंगात घाला. एका बाटलीपुरतंच करा, वाटीतच घट्ट होऊन बसतं.

खणआळी
वरच्या सगळ्याला +१, फक्त बाल्कनीतल्या दोन बाटल्या घासू नका आणि त्यांना जेसोही नको. दिवा आत घालायचा तर बाटली पारभासक हवी, जेसोनं ती आंधळी होते. त्या दोनवर पारदर्शक काचरंग द्या. समुद्रात झिजलेल्या काचेसारखी धुकट छटा हवी असेल तर मॅट व्हार्निशमध्ये काचरंग मिसळा, दोन्ही पाण्यावर चालणारे घ्या, पाचास एक, आणि स्पंजनं टिपत तीन हात द्या. इंटरनेटवर गोंदात खायचा रंग मिसळायची कृती सगळीकडे दिसते. घरात चालेल, पण बाल्कनीतल्या उन्हात खायचा रंग उडतो आणि साधा पांढरा गोंद पावसाच्या थेंबांनी विरघळून ओघळतो. काच खरवडणारी केमिकल क्रीम मिळते तीही नको, त्यात फ्लोराइडची आम्लं असतात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर करायचं ते काम नव्हे.

कृष्णाकाठची
दोघांचेही आभार. काचरंगाच्या डबीवर "भाजा" असं लिहिलेलं असतं, ते मायक्रोवेव्हमध्ये जमेल?

कुंचलेवाला
नाही. मायक्रोवेव्ह काच एकसारखी तापवत नाही, आणि सोनेरी-चंदेरी रंगात धातूचा अंश असला तर ठिणग्या उडतील. भाजायचं असतं ते ओटीजी ओव्हनमध्ये, आणि तेही फक्त भाजायच्या रंगांना. तापमान डबीवर असतं तेच धरायचं, प्रत्येकाचं वेगळं (व्हिट्रिया १६० या काचरंगाच्या नावातच ते आहे, १६० अंशांना ४० मिनिटं). बाटली थंड भट्टीत ठेवून मग आच चालू करायची आणि भट्टी पूर्ण गार झाल्यावरच बाहेर काढायची, नाहीतर काच तडकते. जेसो-ॲक्रिलिकची बाटली भाजायची नसते. ती नुसती तीन आठवडे न धुता, न घासता ठेवा. हाताला कोरडी लागते म्हणजे पक्की झाली असं नाही.

मिरजेचा तंबोरा
वाळूसाठी गणपतीपुळ्याला जाणारं कोणी असेल तर पिशवीभर मागवा की. अस्सल ती अस्सल.

जांभा दगड
दादा, अस्सलच नको आहे. एक तर किनाऱ्यावरची वाळू उचलायला बंदी आहे, आणि दुसरं म्हणजे तिच्यात मीठ असतं. मीठ हवेतली ओल ओढतं. जूनमध्ये तोच पट्टा ओलसर होतो, गोंद पांढरा पडतो आणि वाळू कण-कण गळायला लागते. कुठूनही आणलेली वाळू असली तरी गोड्या पाण्यानं पाच-सहा वेळा, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, कडक उन्हात दोन दिवस सुकवायची आणि रव्याच्या चाळणीनं चाळायची. जाडे खडे काचेवर धरत नाहीत, मैद्यासारखी धूळ गोंद पिऊन टाकते. मधला माल ठेवा.

आपली कृष्णेची वाळू काळपट, बेसॉल्टची. रत्नागिरीचा मांडवीचा काळा किनारा करायचा असेल तर ती झकास, पण पांढरा किनारा तिच्यातून निघत नाही. त्याला सोपा माल दारातच आहे: पांढरी रांगोळी. ती दगडाचीच पूड आहे, मिठाचा प्रश्न नाही. जाडसर दाण्याची मागा. तीन वाट्या रांगोळीला एक वाटी चाळलेली नदीची वाळू मिसळली की रंग रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या जवळ जातो. रंगीत रांगोळी मात्र नको, तिचा रंग गोंदात उतरतो.

लावायची पद्धत: फेव्हिकॉल तीन भाग, पाणी एक भाग, खालच्या पट्ट्यावर रुंद ब्रशनं. बाटली आडवी धरून ताटातल्या वाळूत फिरवा आणि तळव्यानं दाबा. वरची कड सरळ ठेवू नका, पाणी जिथंतिथं वरखाली होतं तशी नागमोडी घ्या. रात्रभर सुकू द्या, सैल कण मऊ ब्रशनं झाडा, मग दुसरा थर. शेवटी फेव्हिकॉल आणि पाणी सम प्रमाणात, ब्रश न ओढता थेंब-थेंब सोडून जिरवा. घासलात तर पहिला थरही वर येतो.

खणआळी
रंगांबद्दल माझं मत. बाजारातून फिरोजी निळ्याची ट्यूब आणली आणि फासली की मालदीवचं पोस्टर होतं. आपला समुद्र तसा नाही. तो हिरवट-करडा असतो, काठाला गढूळ आणि लांबवर निळा. ॲक्रिलिकचे सहाच रंग घ्या: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), सॅप ग्रीन, अल्ट्रामरीन आणि जांभ्याच्या कड्यासाठी बर्न्ट सिएना. १५ मिलीच्या डबीत एका वाईनच्या बाटलीचे जेमतेम दोन हात होतात, त्यामुळे पांढरा आणि अल्ट्रामरीन मोठ्या डब्या घ्या.

वाईनच्या बाटलीचा सरळ भाग साधारण १८ सेंटिमीटर. खालून ५ वाळू, १ फेस, ४ उथळ पाणी, ८ खोल पाणी. खांद्यावर आभाळ, गळ्याला काथ्या. उथळ पाण्याला पांढरा चार भाग, सॅप ग्रीन एक, अल्ट्रामरीन अर्धा, ऑकर अगदी चिमूटभर. खोल पाण्याला अल्ट्रामरीन दोन, सॅप ग्रीन एक, पांढरा एक आणि अंबर ब्रशच्या टोकाएवढा. अंबर घालताना हात आवरा, जास्त झाला की चिखल.

दोन रंगांची सीमा मऊ करायची तर ती ओली असतानाच. सांगलीत एप्रिल-मेच्या दुपारी रंग ब्रशवरच सुकतो, सकाळी लवकर बसा. बाटलीच्या तोंडात काठी घालून ती काठी वाळूच्या बादलीत रोवा. बाटली उलटी राहील, हात न लावता गोल फिरवता येईल. एक पट्टा पूर्ण गोल मारा, लगेच वरचा पट्टा मारा, मग सीमेवर ओलसर स्पंज टिपत फिरवा. पालथ्या बाटलीवर वाळू वर आणि आभाळ खाली येतं, तेवढं भान ठेवा, गडबडीत पट्टे उलटे जातात.

फेस हा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. स्पंजचा तुकडा कापू नका, फाडा, कापलेल्या स्पंजची सरळ कड उमटते. पहिल्यांदा पाणी घातलेला पांढरा, वाळूवरही थोडा उतरू द्या. सुकल्यावर घट्ट पांढरा, फक्त खालच्या काठावर, तुटक-तुटक. आणि त्या काठाच्या लगेच खाली, वाळूवर, पाणी घातलेल्या अंबरची केसाएवढी रेघ. ती ओल्या वाळूवरची सावली. ती नसली तर फेस चिकटवलेल्या कापसासारखा दिसतो, ती आली की लाट उचलली जाते.

व्हार्निशही एकच नको. वाळूला मॅट, पाण्याला ग्लॉस. पाणी चमकतं, कोरडी वाळू नाही.

जांभा दगड
मस्त. व्हार्निशबद्दल एक भर: स्प्रे घेणार असाल तर पावसाळी हवेत मारू नका. दमट हवेत लॅकरचा थर दुधी पडतो. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास, सांगलीत हवा जरा कोरडी, तरी झड लागली की तीच गत. पडलाच दुधी तर कोरड्या दिवशी लांबून अगदी हलका एक हात मारा, बहुतेक वेळा साफ होतो. पाण्यावर चालणारं, ब्रशनं लावायचं व्हार्निश घेतलं तर ही कटकट बरीच कमी.

मिरजेचा तंबोरा
वाळूचं पटलं. काथ्याचं मी सांगतो. काथ्या क्राफ्टच्या दुकानातून घेऊ नका, वीतभर गुंडाळीला भाव फार. बैलांचे कासरे, दावी, दोरखंड विकतात तिथं वजनावर मिळतो. गणपती पेठेत विचारा.

हिशोब असा: बाटलीचा व्यास अधिक दोराची जाडी, गुणिले ३.१४, हा एक वेढा. उंचीला दोराच्या जाडीनं भागलं की वेढे किती ते येतं. ७.५ सेंटिमीटर व्यासाला ३ मिलिमीटरची सुतळी १० सेंटिमीटर उंचीपर्यंत गुंडाळायची तर एक वेढा साडेचोवीस सेंटिमीटर, वेढे ३३-३४, म्हणजे सव्वाआठ मीटर. नऊ घ्या. ६ मिलिमीटरचा काथ्या असेल तर १७ वेढे, सव्वाचार-साडेचार मीटर. गळा बारीक असल्यानं तिथं निम्म्याहून कमीत भागतं.

ग्लू गननं पूर्ण चिकटवू नका. थंड गुळगुळीत काचेवर तो गोंद झटकन गोठतो, पकड घेत नाही, काही महिन्यांनी अख्खी नळीच बाटलीवरून फिरायला लागते. पहिला आणि शेवटचा वेढा एपॉक्सीनं, मधले घट्ट फेव्हिकॉलनं, दर चार वेढ्यांनी खाली दाबत. काथ्याची कुसळं निघतात ती गुंडाळून सुकल्यावर कात्रीनं छाटा. मेणबत्तीवर जाळायला जाऊ नका, रंग काळवंडतो.

कृष्णाकाठची
फेसाखालच्या रेघेची युक्ती भारीच. शिंपल्यांचं काय करू? आणि मनीप्लांट कुठल्यात लावू?

जांभा दगड
शिंपल्या मासळी बाजारातल्या तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या). कालवण झालं की टरफलं दहा मिनिटं उकळा, आतली बिजागरी सुरीनं खरवडा, साबणानं धुवून उन्हात टाका. व्हिनेगर नको, शिंपली चुनखडीची असते, फेसाळून विरते. वास येत राहिला तर मांसाचा धागा कुठंतरी शिल्लक आहे, परत उकळा. कवड्या पूजेच्या दुकानात मिळतात. मोठे शंख आणि वाळवलेले तारामासे विकत घेऊ नका, काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये येतात आणि विकणाऱ्याला जात विचारून काही कळत नाही. तारामासा एम-सीलचा करा: पाच वळ्या जोडा, ओल्या बोटानं गुळगुळीत करा, सुईनं टोचे मारा. शिंपल्याही एम-सीलनंच लावा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ आजूबाजूच्या रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. शिंपली लावायच्या जागेचा रंग आधी खरवडा, ती काचेला चिकटली पाहिजे. रंगाला चिकटवली तर रंगासकट खाली येईल.

कुंचलेवाला
मनीप्लांट मधाच्या बरण्यांत. वाईनच्या गळ्यातून फांदी आत जाते, पण मुळांचा झुपका झाला की बाहेर येत नाही आणि आतला हिरवा थर घासता येत नाही. बरणी पूर्ण रंगवली तर उजेड आत जात नाही आणि शेवाळ धरत नाही, हा फायदाच. फक्त पाणी किती उरलं ते दिसावं म्हणून एक सेंटिमीटरची उभी मास्किंग टेप लावून मगच प्राइमर मारा. शेवटचा हात अर्धवट ओला असताना टेप ओढा, सुकल्यावर ओढली तर कड दातेरी निघते. तोंडापासून दोन सेंटिमीटर काच कोरी ठेवा, आणि व्हार्निश रंगाच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर काचेवर जाऊ द्या. पाणी ओतताना ओघळ रंगाखाली शिरतो तो याच फटीतून. पाणी आठवड्याला बदला, डासांच्या अळ्या होतात.

बाल्कनीतल्या दोन बाटल्यांत तळाला मूठ-दोन मुठी धुतलेली, पूर्ण सुकलेली खडी टाका, वाऱ्यानं पडणार नाहीत. बुचाच्या दिव्यांत बटण सेल असतात आणि ते पावसाचे नाहीत, मृगाच्या आधी बाटल्या आत घ्या.

कृष्णाकाठची
सोडा, पाणीपेपर, जाडी रांगोळी, सहा रंग, नऊ मीटर सुतळी लिहून घेतलं. शोकेसवरच्या बाटल्या पुसायच्या कशानं?

खणआळी
कोरड्या मऊ ब्रशनं. वाळूच्या पट्ट्याला ओलं फडकं नको, गोंद पाण्यात सुटणाराच आहे. पाण्याचा भाग तीन आठवड्यांनंतर ओलसर कापडानं चालेल, कॉलिन वगैरे मारू नका.

मिरजेचा तंबोरा
झाल्या की फोटो टाका ताई. उलटे पट्टे आले असले तरी टाका.