ऑगस्टमध्ये टॉर्की : आई-बाबांना न्यावं का?

प्रेषक : यावलची लेक, रेडिंग

नमस्कार मंडळी,

जुलैत यावलहून आई-बाबा येताहेत. बाबांनी अलिबाग, गणपतीपुळे पाहिलंय, आता त्यांना "साहेबाचा समुद्र" बघायचाय. ऑगस्टमध्ये मुलांना सुट्टी असते, तेव्हा इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या टॉर्कीला जावं म्हणते. बापू, तुम्ही तिकडे राहिलेले आणि मागच्या वर्षी काकूंना घेऊन परत जाऊन आलेले, म्हणून विचारते. दोघंही माळकरी आहेत, बाबांचे गुडघे दुखतात.

प्रेषक : बापू, भुसावळ

ताई,

ऑगस्टात नेऊ नको. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धर. गर्दी ओसरते, हॉटेलांचे भाव उतरतात आणि पाणी तेव्हाच त्यातल्या त्यात कोमट असतं, कारण समुद्र उशिरा तापतो नि उशिरा निवतो. कोमट म्हणजे किती, तर 17 अंशांच्या आसपास. आपल्याकडे डिसेंबरात विहिरीचं पाणी याहून ऊन असतं. बाबांना पाय बुडवू दे, आंघोळीचा हट्ट नको.

आम्ही तिथे होतो ते 2000 च्या सुमारास. फायबर ऑप्टिक्सचे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने शेजारच्या पेंटनला धडाधड माणसं भरली, त्यात भुसावळचा मीही लागलो. 2001 मध्ये टेलिकॉमचा फुगा फुटला आणि आम्ही गाशा गुंडाळला. घर तर नोकरी असतानाही हक्काचं नव्हतं. किनाऱ्यावरचे फ्लॅट ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत स्वस्तात द्यायचे आणि पाहुण्यांचा हंगाम आला की भाडेकरूला रस्ता दाखवायचा, अशी तिथली रीत. आमची संक्रांत समुद्रासमोर झाली, होळीही झाली. आखाजी (अक्षय्य तृतीया) मात्र मागच्या गल्लीत, खिडकीसमोर शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे.

त्यामुळे मला जे टॉर्की माहीत आहे ते हिवाळ्यातलं. आइस्क्रीमच्या टपऱ्यांना फळ्या ठोकलेल्या, भरतीला लाट कठडा ओलांडून रस्त्यावर आलेली, आणि ऑक्टोबर लागला की बऱ्याच किनाऱ्यांवर कुत्र्यांना पुन्हा मोकळीक, मग सगळं गाव कुत्री घेऊन वाळूवर. मागच्या वर्षी आम्ही गेलो ते भर ऑगस्टात, पाहुणे म्हणून. रांगेत उभं राहून न्याहारी केली. आमच्या जुन्या इमारतीच्या दाराशी आता आकडे फिरवून उघडायची किल्लीची पेटी आहे. बारा महिने सुट्टीवाल्यांनाच देतात म्हणे. आम्हाला निदान सहा महिने तरी कोणी ठेवून घेत होतं, आता नवीन लागलेल्या नर्सने नाहीतर वेटरने जायचं कुठे? एप्रिल 2025 पासून इंग्लंडात कौन्सिलांना दुसऱ्या घरावर दुप्पट कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, लावायची मुभा आहे. त्यानेही सुट्टीवाल्यांचा धंदा थांबेल असं मला वाटत नाही.

असो. तू रेल्वेने जा, हे मात्र माझं ठाम म्हणणं. भुसावळचा माणूस दुसरं काय सांगणार! रेडिंगहून बसलात की बाबांना डाव्या खिडकीशी बसव. एक्सेटर सुटलं की आधी खाडी लागते, मग डॉलिशला गाडी थेट समुद्राच्या भिंतीवरून धावते. एका अंगाला लाल कडे, दुसऱ्या अंगाला पाणी, मधेमधे बोगदे. आपल्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला ती लाल दरड आधी खरीच वाटत नाही. फेब्रुवारी 2014 च्या वादळात याच भिंतीला भगदाड पडलं आणि रूळ हवेत लोंबकळले. दोन महिने लाइन बंद होती. आता भिंत नव्याने, जास्त उंच बांधली आहे.

याच लाइनवर ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने इंजिनाशिवाय गाडी चालवून बघितली होती, 1847 मध्ये. रुळांच्या मधोमध नळ, त्यात गाडीला जोडलेला दट्ट्या, आणि काठावरचे पंप नळातली हवा खेचून घेत. नळाच्या फटीवर चामड्याची झडप होती. चामडं वाळलं, चिरलं, हवा शिरायला लागली आणि 1848 मध्ये कारभार आटोपला. स्टारक्रॉसला त्याचं लाल दगडाचं पंपघर अजून उभं आहे. मुंबई-ठाणे गाडी याच्या पाच वर्षांनंतरची, हे बाबांना सांग. दोन स्टेशनं गप्पा पुरतील.

गुडघ्यांसाठी : बॅबकमला कड्यावरून खाली किनाऱ्यावर उतरायला 1926 पासूनची दोरावरची छोटी रेल्वे आहे. चढ-उतार तिच्यावरच सोपव.

माळकऱ्यांसाठी : चिप्स घेताना कशात तळता ते आधी विचार. कित्येक दुकानांत गायीची चरबी वापरतात, आणि तेल असलं तरी कढई माशांचीच. सरळ दशम्या, शेंगदाण्याची चटणी घेऊन जा. पण उघड्यावर खाताना पाठ भिंतीला लावून बस. आमच्या हिच्या हातातली दशमी सीगलने मागून येऊन पळवली, बोटाला चोच लागली ती वेगळीच. तिथल्या फुटबॉल क्लबचं टोपणनावही "गल्स" आहे, यावरून काय ते समज.

– बापू

प्रेषक : धुळ्याची वहिनी, ब्रिस्टल

बापू, तुमचं सगळं बरोबर, पण सप्टेंबरात हिच्या मुलांची शाळा कोण बुडवणार? इथे दंड होतो. आणि खरं सांगू का, आपल्या म्हाताऱ्यांना रिकामा समुद्र आवडत नाही. माझ्या सासूबाईंना पेंटनच्या पिअरवर, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या धक्क्यावर, नेलं तर त्या मुलांची धमाल, पाळणे, रोषणाई बघत बाकावर बसून राहिल्या. सारंगखेड्याच्या जत्रेत बसल्यासारख्या खूश. तुम्हाला शांत टॉर्की हवं, कारण तुम्ही तिथे राहिलात. पाहुण्याला गर्दीच बरी वाटते.

– वहिनी

प्रेषक : बापू, भुसावळ

वहिनी, जत्रेचं म्हणणं पटलं. मग ताई, असं कर. मुलं असताना ऑगस्टात पेंटनला एक दिवस, तोही मंगळवार-बुधवार. शनिवारी नको, तेव्हा फ्लॅटचे पाहुणे बदलतात, रस्ते तुंबतात. आणि सप्टेंबरात फक्त आई-बाबांना घेऊन टॉर्कीला दोन रात्री. तेव्हा जवळच्या ब्रिक्सम गावाला बोटीने जा. बंदरावरून टॅक्सी कर आणि बेरी हेडचा दीपस्तंभ दाखव, 1906 चा. उंची जेमतेम 5 मीटर, कारण खालचा कडाच एवढा उंच की मनोरा बांधायची गरजच पडली नाही. वारा मात्र मरणाचा. बाबांना टोपी नको, मफलर दे.

प्रेषक : यावलची लेक, रेडिंग

वहिनी, बापू, दोघांचंही ऐकते. बाबांना फोनवर सगळं सांगितलं. समुद्राचं राहिलं बाजूला, चामड्याची झडप नेमकी कशी बसवली होती ते विचारताहेत. बापू, त्यांचा नंबर तुम्हाला वेगळा पाठवते, तुम्हीच बोला भो.