परिपूर्ण देवाला माणसाशी नाते का हवे असते?

निपाणीची वाचक:
सर्वांना नमस्कार. मी निपाणीजवळच्या एका गावात राहते आणि आमचे घर वारकरी आहे. बेळगावातील माझी एक जवळची मैत्रीण मराठी ख्रिस्ती कुटुंबातली आहे आणि तिच्या बोलण्यात एक वाक्य वारंवार येते, ते म्हणजे देवालाच आपल्याशी नाते हवे आहे. हे वाक्य मला परके वाटत नाही, कारण पुंडलिकासाठी विटेवर तिष्ठत उभा राहिलेला देव आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरीही एक शंका मनातून जात नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव सर्व सृष्टीचा निर्माता आहे आणि त्याला कशाचीही उणीव नाही. मग ज्याला उणीव नाही त्याला काही ‘हवे’ असणे कसे शक्य आहे? आणि त्याला हे नाते खरोखरच इतके हवे असेल, तर माणसाला नकार देताच येणार नाही असे त्याने का केले नाही? कोणता धर्म श्रेष्ठ हा वाद मला नको आहे. ज्यांनी या श्रद्धेत आयुष्य घालवले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

खानापूरकर:
ताई, तुमची शंका रास्त आहे आणि पवित्र शास्त्राने, म्हणजे बायबलने, ती टाळलेली नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल अथेन्समध्ये तिथल्या विचारवंतांपुढे बोलतो. देवाला काही उणे आहे म्हणून माणसाच्या हातून त्याची सेवा घडावी असे नाही, कारण सर्वांना जीवन, श्वास आणि सर्व काही तोच देतो, असे तो आधी सांगतो. आणि त्याच भाषणात, जवळजवळ त्याच दमात, माणसांनी देवाचा शोध करावा म्हणूनच देवाने त्यांच्या राहण्याचे काळ आणि सीमा ठरवल्या व तो आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही, असेही सांगतो. पौलाला या दोन विधानांत विरोध दिसला नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच जागी आहे.

‘हवे असणे’ म्हटले की आपल्याला भूक आठवते, कारण आपल्या बहुतेक इच्छा उणिवेतून येतात. परंतु भरलेपणातून येणारी इच्छाही असते. ज्या गायिकेला गाणे खरोखर साधले आहे तिला ते कोणाला तरी शिकवावेसे वाटते, आणि शिष्य मिळाला नाही म्हणून तिच्या गळ्यातला सूर काही कमी होत नाही. ख्रिस्ती विश्वासातील त्रैक्याचा सिद्धांत अनेकांना कोड्यासारखा वाटतो, पण या प्रश्नात तो फार मोलाचा आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव आहे, असे मानणे म्हणजे सृष्टी होण्यापूर्वीही देवाच्या ठायी प्रेम होते असे मानणे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायातील प्रार्थनेत येशू पित्याला म्हणतो, की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रेम केलेस. म्हणजे एकटेपणा घालवण्यासाठी देवाने माणूस घडवला नाही. जे प्रेम आधीच होते त्यात माणसाला वाटा मिळावा म्हणून घडवला.

मात्र देवाला उणीव नाही याचा अर्थ त्याला काही वाटतच नाही, असा काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याला होशेय संदेष्ट्याने इसवी सनपूर्व 8व्या शतकात संदेश दिला. इसवी सनपूर्व 722च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने ते राज्य बुडवले. होशेयाच्या 11व्या अध्यायात देव एखाद्या बापासारखा बोलतो. मी या लेकराला चालायला शिकवले, त्याला हातांवर घेतले, आणि आता त्याला सोडून देऊ तरी कसे, असा त्याच्या शब्दांचा भाव आहे. हा अध्याय मोठ्याने वाचताना मला आजही थांबावे लागते. प्रजा पाठ फिरवून निघाली आहे आणि व्याकूळ झाला आहे तो देव. क्रूसाकडे ख्रिस्ती माणूस याच नजरेने पाहतो. ज्याला आपल्याकडून काहीही मिळवायचे नव्हते त्याने या नात्याची किंमत स्वतः मोजली, म्हणूनच त्या इच्छेत स्वार्थ नाही असे आम्ही म्हणतो.

कॅम्प, बेळगाव:
खानापूरकर दादांनी पहिला प्रश्न घेतला, मी दुसऱ्याविषयी थोडक्यात लिहितो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो. येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रेम केले, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. तरीही, सर्व विकून माझ्यामागे ये हे येशूचे बोलणे ऐकून, तो माणूस खिन्न होऊन निघून जातो आणि येशू त्याला अडवत नाही. लूकाच्या 15व्या अध्यायातील उधळ्या पुत्राची, म्हणजे बापाची मालमत्ता उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट अनेकांना ठाऊक असते, पण तिचा शेवट मला अधिक विचार करायला लावतो. धाकट्याकडे धावत गेलेला बाप रुसलेल्या थोरल्याची समजूत घालायलाही स्वतः बाहेर येतो, आणि थोरला घरात गेला की नाही हे येशू सांगतच नाही. नकार देता येणार नाही असा माणूस देवाने घडवला असता, तर आज्ञा पाळणारे पुष्कळ मिळाले असते; लेकरू मात्र एकही मिळाले नसते.

चिक्कोडीच्या निवृत्त शिक्षिका:
वरील दोन्ही उत्तरे मला पटली. एक गोष्ट मात्र राहून जाते आहे. हल्ली आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, देवाशी ‘व्यक्तिगत नाते’ यावर इतका भर असतो, की ते केवळ माझे आणि देवाचे खासगी प्रकरण वाटू लागते. शास्त्रात तसे नाही. यिर्मयाच्या 31व्या अध्यायातील नवा करार एका प्रजेशी आहे, आणि जो डोळ्यांसमोरच्या भावावर प्रेम करत नाही त्याला न पाहिलेल्या देवावर प्रेम करता येणार नाही, असे योहानाचे पहिले पत्र बजावते. आपल्या सीमाभागात याचा अर्थ अगदी व्यवहाराचा आहे. इथे ख्रिस्ती उपासना मराठीत, कन्नडमध्ये, कोकणीत आणि इंग्रजीत होतात. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाला देवाची महत्कृत्ये आपापल्या जन्मभाषेत ऐकू आली. देवाने सर्वांना एकच भाषा बोलायला लावले नाही. म्हणून मराठीतून प्रार्थना करणाऱ्याने कन्नड भाषिक बांधवाला परके मानले, किंवा त्याने याला मानले, तर देवाशी जोडलेल्या नात्यालाच बाधा येते, असे मी ठामपणे म्हणेन.

निपाणीची वाचक:
तिघांचेही मनापासून आभार. उणिवेतून येणारी इच्छा आणि भरलेपणातून येणारी इच्छा यांतला फरक मला नव्याने कळला. आणखी एक विचारते. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचे गेल्या पावसाळ्यात निधन झाले आणि तेव्हापासून प्रार्थनेत समोर कोणी असल्यासारखे वाटत नाही, असे ती म्हणते. देवाला नाते हवे आहे हे तिला या दिवसांत कसे सांगावे?

चिक्कोडीच्या निवृत्त शिक्षिका:
बाळ, तिला काही सांगण्याची घाई करू नकोस. तिला हवे असेल तर तिच्याजवळ बसून स्तोत्रसंहितेतील 13वे आणि 88वे स्तोत्र वाच. 13व्या स्तोत्राची सुरुवात ‘किती काळ?’ या प्रश्नाने होते; 88वे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरीही ते पहिल्या ओळीपासून देवालाच उद्देशून आहे. अशी तक्रार देवाने आपल्या शास्त्रात राहू दिली, म्हणून तिने रागाने किंवा रडत केलेली प्रार्थनाही प्रार्थनाच आहे. तीही जमत नसेल, तर काही दिवस मंडळीतल्या इतरांनी तिच्यासाठी प्रार्थना करावी आणि तिने नुसते त्यांच्यात येऊन बसावे. तिच्या पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या, कानावर हे घातले आहे का, तेवढे मात्र तिला विचार.