उपासाने कॅन्सर पळतो?
कुणीतरी लिहिलंय की एकादशी केली की ऑटोफॅजी (पेशीची आतली साफसफाई) होऊन कॅन्सर पळतो, नोबेलपण मिळालंय त्याला. अर्धंच बरोबर आहे हे. जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना ऑटोफॅजीसाठी 2016 चं नोबेल मिळालं ते यीस्टमधल्या कामावर, माणसांच्या उपासावर नाही. पेशी उपाशी राहिली की स्वतःचेच खराब भाग मोडून वापरते हे खरं, पण एकदा गाठ झाली की कॅन्सरच्या पेशीपण हेच करून तग धरतात, म्हणून तर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध देऊन ते अडवायच्या ट्रायल झाल्यात. आणि आमच्या सांगलीत उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर रताळी, इन्सुलिन वाढलं की ऑटोफॅजी दबतीच की! मिरजेत मावशीची केमो चालू होती तेव्हा डॉक्टरांनी तिचा गुरुवारपण सोडायला लावला, वजन घटू देऊ नका म्हणाले.