निळूभाऊंची नक्कल न करता गावचा सरपंच कसा उभा करू?

नवखा_पाटील:
आमच्या एकांकिकेत मला सरपंचाचं काम मिळालंय. पहिल्याच तालमीत पहिलंच वाक्य बोललो आणि सगळे फिस्सकन हसले. आवाज आपोआप घोगरा, मान तिरकी, डोळे बारीक. थोडक्यात निळू फुले. दिग्दर्शिका म्हणते, "नक्कल नको, पण वजन तेच हवं." खरं सांगायचं तर निळूभाऊंचं मी काहीच धड पाहिलेलं नाही. 'बाई, वाड्यावर या'चे मीम्स आणि स्नेहसंमेलनातल्या नकला एवढीच ओळख. नेमकं काय पाहू? आणि खलनायक सोडून त्यांनी काही केलंय का?

बॅकस्टेजवाला:
आधी 'सामना', मग 'सिंहासन'. याच क्रमानं. आणि घोगरा आवाज काढू नकोस, ऐन प्रयोगाच्या दिवशी घसा बसतो. स्वानुभव.

तंबूतला:
नावं बरोबर आहेत. त्यात काय बघायचं ते मी सांगतो, जरा लांबण लागेल.

माझे वडील जत्रेतल्या तंबू टॉकीजच्या दारात तिकिटं फाडायचे, त्यामुळे आम्हा पोरांना सिनेमा फुकट. मधे दोरी, एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. धोतराचा सोगा बोटांत धरून निळूभाऊ पडद्यावर नुसते आले, अजून एक शब्द बोलले नाहीत, की बायकांच्या बाजूनं कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज यायचा. माझी आजी तर पडद्याकडे पाठ करून बसायची. घरी येताना वडील तिला समजवायचे, "आये, सेवादलातला मानूस हाय त्यो. पुण्यात लष्कराच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचा." आजीला काही पटायचं नाही. माळ्याची नजर अशी नसती म्हणायची.

वडिलांचं खरं होतं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात हा माणूस घडला, शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं, म्हणजे तमाशातल्या नाट्यानं, नाव झालं आणि 1968 साली अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'त झेलेअण्णा म्हणून पडद्यावर आला. तोवर चाळिशी जवळ आलेली. वगात लिहिलेलं थोडं, बतावणी, म्हणजे आयत्या वेळची बोलाचाली, फार. समोरचा आज कुठली कोटी करील याचा नेम नाही, म्हणून कान सतत उघडे ठेवावे लागतात. माझं मत असं की ही सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही.

जब्बार पटेलांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' (1975) लाव आणि आवाज बंद कर. हो, बंद. हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचा सर्वेसर्वा, आणि समोर डॉ. लागूंचा दारुडा मास्तर. मास्तर बोलत असतो तेव्हा हिंदुरावाकडे बघ. चेहरा जवळजवळ हलत नाही. मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतो तसा तो आपल्याच पाहुण्याला तोलायला लागतो, नुसत्या डोळ्यांनी. ज्याच्या शब्दावर अख्खं गाव उठतं-बसतं, तो आवाज कशाला चढवील? तुझ्या दिग्दर्शिकेला हवं असलेलं वजन तिथं आहे.

खलनायक सोडून म्हणशील, तर चारच वर्षांनी त्याच जब्बार पटेलांनी 'सिंहासन'मध्ये त्यांना पत्रकार दिगू टिपणीस केलं. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. खुर्चीची ओढाताण करायला अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, लागूंचा अर्थमंत्री. दिगूच्या वाट्याला बघणं आणि ऐकणं. शेवटी तो वेड लागल्यासारखा हसत सुटतो. इतका वेळ कानांत साठलेलं सगळं तिथं बाहेर पडतं. मला ते हसू हिंदुरावापेक्षा जास्त घाबरवतं. हिंदीत 'सारांश'मधला गजानन चित्रेही बघून घे.

जुलै 2009 मध्ये निळूभाऊ गेल्याची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आजी नव्हती. आई म्हणाली, "गेला बिचारा वाईट माणूस."

संहितावेडी:
ऐकणारा नट हे छान आहे, पण मग तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर' नाटकाचं काय करायचं? 1972 मध्ये सखाराम निळूभाऊंनीच केला होता, लालन सारंगांची चंपा. संहिता काढून बघा, पहिल्या प्रवेशात सखाराम लक्ष्मीला घरचे नियम ऐकवत सुटतो, तिला तोंड उघडायला जागा नाही. तेरा प्रयोगांनंतर नाटकावर बंदी आली, दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात जाऊन भांडले आणि जिंकले. एवढा गदारोळ गप्प बसणाऱ्या माणसामुळे झाला नसेल!

तंबूतला:
मान्य. तो प्रयोग मी पाहिलेला नाही, त्यामुळे तिथं माझा शहाणपणा चालायचा नाही. वाचताना मात्र सखाराम मला भ्यालेला वाटतो, म्हणून इतका बोलतो. हिंदुराव भ्यालेला नाही, निदान सुरुवातीला तरी. पाटील, तुमचा सरपंच यातला कुठला ते आधी ठरवा.

नवखा_पाटील:
काका, काल 'सामना' दोनदा पाहिला. एकदा आवाज बंद करून, एकदा चालू ठेवून. आमचा सरपंच भ्यालेला नाही असं ठरलंय. आज तालमीत समोरच्याचं वाक्य संपलं तरी मी बोललोच नाही. खांद्यावरचं उपरणं काढलं, नीट घडी घातली, मांडीवर ठेवलं. कोणी हसलं नाही. फक्त दिग्दर्शिकेला वाटलं मी वाक्य विसरलो, तिनं विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं.

तंबूतला:
मग जरा जास्तच थांबलास. घडी अर्धी घाल.