तालुक्याच्या जुन्या वकिली ऑफिसची फर्म करायची आहे: सुरुवात कुठून करावी?

पेशी_उद्या:
यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुका कोर्टातलं ऑफिस आहे, सत्तरच्या दशकात सुरू झालेलं. दिवाणी, महसूल आणि भूसंपादन, एवढंच काम. सिनिअर पंचाहत्तरीला आलेत. दोन ज्युनिअर, एक क्लार्क. सिनिअरांची मुलगी एलएलबी झाली, सनद (वकिलीचा परवाना) अजून नाही. चौघांची भागीदारी करून नागपूरलाही एक टेबल ठेवायचा विचार आहे. विदर्भातली जुनी ऑफिसं एका वकिलाची चार वकिलांची कशी झाली? भागीदारीपत्रात काय हवं? आणि चालू बस्ते (प्रकरणांच्या फाइली) नव्या फर्मकडे आपोआप येतात का?

झाडीपट्टी:
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. आपल्याकडे ऑफिसं वाढली ती जमिनीच्या कायद्यांमुळे. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या बाजूला मालगुजारी, म्हणजे गावचा सारा मालगुजारामार्फत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि सीर-खुदकास्त (मालगुजाराची घरच्या कसणुकीची जमीन) कोणाची, तलाव कोणाचा, निस्तार हक्क (गावकऱ्यांचे चराई, सरपणाचे हक्क) कोणाचे, यावर वर्षानुवर्षं दावे चालले. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला. १९३६ पासून नागपूरला स्वतंत्र हायकोर्ट होतं, त्याच्या जागी मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसलं. १९५८ चा कूळ कायदाही विदर्भासाठी वेगळा. १९६१ ला सिलिंग (जमीनधारणेची कमाल मर्यादा) आलं, १९६७ पासून नवी जमीन महसूल संहिता लागू झाली. दर कायद्याबरोबर कागदांचा एक थर चढत गेला. ज्याच्या कपाटात बंदोबस्त मिसल (जुन्या सारा-आकारणीचे कागद), १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी आणि जुने फेरफार सापडायचे, त्याच्याकडे कास्तकाराची पुढची पिढीही यायची.

एकट्याचं काम संपवलं ते धरणांनी आणि कोळसा खाणींनी. अप्पर वर्धा, गोसीखुर्द, बेंबळा: गाव बुडीत क्षेत्रात गेलं की वाढीव मोबदल्याचे संदर्भ अर्ज (मोबदल्याचा वाद कोर्टाकडे पाठवा असे अर्ज) एकाच गावातून गठ्ठ्याने यायचे. नोटीस, साक्ष, शेजारच्या गावातली खरेदीखतं गोळा करणं, मग नागपूरला पहिलं अपील. हे एका माणसाच्या हातचं नव्हतं. ज्युनिअर कायम ठेवावा लागला, नागपूरच्या वकिलाशी कायमची जोड ठेवावी लागली. कागदावर फर्म नव्हती, पण काम फर्मसारखंच चालायचं. यातली बरीच ऑफिसं सिनिअर गेल्यावर वर्षभरात बंद झाली, कारण लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं. म्हणून तुम्ही सिनिअर असतानाच विचारताय हे फार चांगलं.

वऱ्हाडी_वकील:
आधी एक अडचण: मुलीला सनद मिळेपर्यंत भागीदार करता येणार नाही. बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिलाला वकील नसलेल्या कोणाशीही फीची वाटणी करता येत नाही. आज तिघांची भागीदारी करा आणि सनद मिळाल्यावर तिला घेण्याचं कलम आत्ताच घाला.

तिघं हवेतच. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. म्हणून ‘उरलेल्या भागीदारांत फर्म सुरू राहील’ असं लिहावंच लागतं. पण भागीदार दोनच असतील तर ते कलमही कामाचं नाही. एक गेला की उरलेल्या एकट्याची फर्म होत नाही.

वाटा लिहिला नाही तर कायदा नफा सारखा वाटतो. सिनिअरांची पुस्तकं, फर्निचर, जागा हे भांडवल की भाड्याने, ते स्पष्ट लिहा. जागा बहुतेक त्यांच्या नावावर असते. ती भागीदारीत न आणता भाडेपट्टा करा, म्हणजे उद्या वारसांशी वाद होत नाही. निवृत्तीनंतर त्यांना काय द्यायचं तेही आत्ताच ठरवा. वकील नसलेल्या वारसांना त्यांच्या भांडवल खात्याची बाकी द्यायची. पुढच्या फीतला टक्का नाही.

नोंदणी नागपूरच्या फर्म निबंधकांकडे. ती न केल्यास फी वसुलीचा दावा फर्मच्या नावाने टिकत नाही, कलम ६९. फर्मचं पॅन आणि बँक खातं वेगळं. पक्षकाराने कोर्ट फी, स्टॅम्पसाठी दिलेले पैसे फीत मिसळू नका. त्यांचा हिशेब वेगळा ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे. पाटीवर ‘भूसंपादन तज्ज्ञ’ लिहू नका, त्यालाही बंदी आहे.

जुना_बस्ता:
बस्ते आपोआप येत नाहीत, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. वकीलपत्र वकिलाच्या नावाचं असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे वकिलाच्या मृत्यूने ते संपतं. सिनिअर एकटेच रेकॉर्डवर असतील आणि काही झालं, तर पुढच्या पेशीला (सुनावणीच्या तारखेला) कोणी उभं राहत नाही आणि दावा गैरहजेरीत निकाली निघतो. म्हणून आजच क्लार्कला यादी करायला लावा: कोणत्या बस्त्यात फक्त सिनिअरांचं वकीलपत्र आहे. पक्षकार पेशीला आला की दोघा ज्युनिअरांच्या नावाचं वकीलपत्र सही करून घ्या, सिनिअरांची संमती जोडा, दाखल करा. अपील आणि दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) आधी, कारण तिथे पक्षकार क्वचितच येतो.

दुसरं, मुदतीचं रजिस्टर. एकाच्या डोक्यात असलेल्या तारखा भागीदारीत चालत नाहीत. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील ३० दिवस, हायकोर्टात ९०. महसुलात जिल्हाधिकाऱ्याखालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाला ६० दिवस. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला संदर्भासाठी फक्त सहा आठवडे. निकालाच्या नकलेच्या मागे शिक्के असतात: अर्ज केला, तयार झाली, दिली. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात. तयार होऊन पडून राहिलेले होत नाहीत, आणि ज्युनिअर नेमका ‘दिली’ची तारीख धरून बसतो. रजिस्टरमध्ये तिन्ही तारखांचे वेगळे रकाने पाडा.

तिसरं, वारस. जुन्या भूसंपादन प्रकरणांत अर्जदारच गेलेला असतो. ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणले नाहीत तर प्रकरण त्याच्यापुरतं संपतं. ते रद्द करून घ्यायला पुढे ६० दिवस, त्यानंतर विलंबमाफी. प्रत्येक बस्त्याच्या आतल्या पानावर अर्जदाराच्या घरच्या दोन माणसांचे मोबाईल नंबर लिहा आणि गावच्या पटवाऱ्याकडे वर्षातून एकदा चौकशी ठेवा. सीएनआर नंबर (प्रकरणाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) बस्त्याच्या कण्यावर मोठ्या अक्षरात लिहा. पेशी ऑनलाइन पाहता येते आणि नागपूरच्या टेबलालाही तोच नंबर पुरतो.

पेशी_उद्या:
वकीलपत्रांची यादी सोमवारपासून सुरू करतो. दोन शंका. मोबदल्यात वकिलाचा टक्का ठरवण्याची पद्धत आमच्या भागात सर्रास आहे. ते भागीदारीपत्रात कसं लिहायचं? आणि फी थकलेल्यांचे बस्ते फर्म रोखून धरू शकते का?

वऱ्हाडी_वकील:
टक्का लिहायचा नाही, घ्यायचाही नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला नियमात मनाई आहे आणि तक्रार झाली तर सनदेवर येतं. टप्प्याची फी ठरवा: अर्ज, साक्षी, युक्तिवाद, अपील. कोर्टातून निघणारी रक्कम थेट अर्जदाराच्या खात्यात जाऊ द्या, फीचं बिल वेगळं पाठवा. बस्ताही अडवता येत नाही; सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलंय. परत देताना निशाणीवार (कागदांच्या क्रमांकांप्रमाणे) यादी करून पोच घ्या, झेरॉक्स ऑफिसात ठेवा आणि थकलेल्या फीसाठी वेगळा दावा करा.