मुलाची ‘बोळवण’ करता येते का?

मेतकूट_भात

मागच्या पंधरवड्यात धाकट्याला मुंबईच्या विमानतळावर सोडून आलो. दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेला. थोरली आधीच बंगळूरला नोकरीला आहे. त्यामुळे आता कोथरूडच्या घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. परत आल्यावर नातेवाइकांच्या गटावर मी लिहिलं, ‘मुलाची बोळवण करून पहाटे घरी पोचलो.’ भाच्याचा लगेच प्रश्न, ‘मामी, बोळवण काय म्हणताय? असं काय कमी केलंत त्याला?’

त्याच्या मते बोळवण म्हणजे थोडक्यात भागवून कटवणं. शेतकऱ्यांची तुटपुंज्या मदतीवर बोळवण, कामगारांची आश्वासनांवर बोळवण. त्यानं हेच वाचलंय, त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. पण माझी आई वाईकडची. तिच्या तोंडी बोळवण म्हणजे भरून पाठवणं. मी बाळंतपण उरकून सासरी निघाले तेव्हा तिनं डिंकाचे लाडू, पाळणा, दुपटी, जावयाला पोशाख असं सगळं दिलं आणि शेजारणीला म्हणाली, ‘बोळवण नीट झाली बाई.’ तो समाधानाचा शब्द होता.

दुसरे शब्दही मला साधेनात. ‘पोचवून आलो’ म्हटलं की सासूबाई कानावर हात ठेवतात, कारण पोचवायला जातात ते स्मशानात. ‘सोडून आलो’ सगळेच म्हणतात, मीही वर तेच लिहिलंय, पण लिहिताना हात अडखळला. पोराला सोडून कसं येईन मी? ‘पाठवणी’ नवरीची असते.

तर मुलाची बोळवण म्हटलेलं चालेल का? नसेल तर तुमच्या घरी काय म्हणतात?

शुक्रवारकर

ताई, तुमच्या मातोश्रींचं बरोबर आहे. आमच्या वाड्यातही हाच अर्थ होता. बोळवण म्हणजे पाहुण्याला बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला जाणं, शब्दातच बोळ आहे. आमच्या पेठेत वाडा आणि रस्ता यांच्यामध्ये बोळ असायचाच. आजी आलेल्या बाईला हळदीकुंकू लावून पार बोळ संपेपर्यंत बरोबर चालायची, तिथं दोघी आणखी पंधरा मिनिटं बोलायच्या आणि मग ही परत फिरायची. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते.

अक्षरओळख

काका, आठवण सुंदर आहे, पण व्युत्पत्ती टिकणार नाही. बोळवणे हा जुना धातू आहे आणि जिथं बोळ नव्हते त्या खेड्यांतही तो होता. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘गम्’च्या जागी येणाऱ्या धातूंत ‘वोल’ आहे. त्याचं प्रयोजक रूप म्हणजे जायला लावणं. गुजरातीत आजही कन्या ‘वळावतात’. मला हे सगळं एका कुळातलं वाटतं.

मूळ प्रश्नाबद्दल माझं स्पष्ट मत असं, की मुलाची बोळवण म्हणू नये. बोळवण सासुरवाशिणीची, गौरीची, भुलाबाईची. शब्दाला त्याचं क्षेत्र असतं. ते सैल केलं की अर्थ पातळ होतो आणि मग वर्तमानपत्री बोळवण तयार होते.

शुक्रवारकर

प्राकृतात ‘वोल’ असेल. आमच्या आजीच्या बोलण्यात बोळ होता. दोन्ही खरं असू शकतं.

आणि बोळवण फक्त बायकांची हे मला मान्य नाही. माझे वडील दरवर्षी पालखीबरोबर हडपसरपर्यंत चालत जायचे. निवडुंग्या विठोबापाशी तुकोबांची, पालखी विठोबापाशी माऊलींची पालखी मुक्कामाला असते. सकाळी पालख्या निघाल्या की हे पण निघायचे. हडपसरनंतर एक पालखी दिवे घाटाकडे, दुसरी लोणीकडे. तिथून वडील माघारी फिरायचे आणि घरी येऊन पाय शेकत म्हणायचे, ‘माऊलींना बोळवून आलो.’ आता सांगा, कोण सासुरवाशीण होतं त्यात?

दुभाषी

याच अडचणीत मी दुसऱ्या दारानं शिरले आहे. सध्या समुपदेशनाची एक पुस्तिका मराठीत आणतेय. विषय हाच, मुलं घराबाहेर पडल्यावर आईवडिलांच्या मनाची होणारी अवस्था. मूळ शब्द ‘एम्प्टी नेस्ट’. मी ‘रिकामं घरटं’ लिहिलं. संपादकांना चाललं. मला मात्र रोज खटकतंय, कारण हे आपण बोलत नाही. आपण म्हणतो ‘घर खायला उठतं’. तेच लिहावं का? मेतकूटताई, तुम्ही आत्ता त्यातूनच जाताय, तुम्ही काय म्हणाल?

गिरणाकाठ

मी मूळचा जळगावकडचा, आता पिंपळे सौदागरला. आमच्याकडे घरट्याला खोपा म्हणतात. बहिणाबाईंनी सुगरणीचा खोपा घराघरात पोचवला, त्यामुळे शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यात आलो तेव्हा कळलं की इथं खोपा म्हणजे केसांचा! ‘रिता खोपा’ लिहा, दुभाषीताई. कानाला गोड लागतं.

फक्त एक सांगतो. मी पाखरं बघणारा माणूस आहे, पावसाळ्यात विहिरीवरचे खोपे बघायला मुद्दाम गावी जातो. सुगरणीचा खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन पाहते, पसंत पडला तर पुढचं काम होतं. आणि पिल्लं उडाली की खोप्यात मागं कोणीच राहत नाही. पाखराचं घरटं हे राहायचं घर नसतं, अंड्यापिल्लांपुरतं असतं. मागं राहिलेले आईबाप ही गोष्ट घरट्यात नाहीच. म्हणून ‘रिकामं घरटं’ हा दाखलाच मला चुकीचा वाटतो, भाषा कुठलीही असो.

दुभाषी

हे मला माहीत नव्हतं. मनापासून आभार. तरीही ‘रिता’ आणि ‘रिकामा’ यांत फरक करायला हवा. रितं म्हणजे जे भरलेलं होतं आणि ओतून गेलं ते. रिकाम्याला उद्योग नसल्याची छटा आहे, ‘रिकामा बसलाय’, ‘रिकामटेकडा’. रिकामं घरटं म्हटलं की त्यातली आईही उगाचच रिकामी ठरते.

अक्षरओळख

माझं म्हणणं इतकंच की परकी कल्पना आणून तिला आपले कपडे घालू नयेत. मुलं जाणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. कोकणातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. तेव्हा त्या आयांच्या तोंडी जे शब्द होते ते शोधावेत.

दुभाषी

शोधा ना, मी तेच तर विचारतेय. पण ज्या बाईला आज रात्री झोप लागत नाही तिच्या हातात पुस्तिका उद्या द्यायची आहे. कोश पूर्ण होईपर्यंत तिनं थांबावं का?

बंगळूर_पुणे_बंगळूर

मी ‘गेलेल्यां’पैकी, म्हणून लिहितो. वय ३१, घर पौड रोडला, नऊ वर्षं बाहेर. माझी अडचण याच्या उलट आहे. बहीण पुण्याला जाते तेव्हा ती ‘माहेरी’ जाते. बायको तिथंच येते तर ती ‘सासरी’ येते. मी कुठं जातो? ‘घरी’ म्हणालो की बायको विचारते, मग हे काय आहे? तिचंही बरोबर आहे. ‘आईकडे’ म्हणालो तर बाबा गप्प होतात. ‘गावी’ म्हणावं तर पुणे गाव नव्हे. मुलग्याच्या माहेराला शब्दच नाही.

शुक्रवारकर

माहेर म्हणा की! माहेर हे ‘मातृगृह’वरून आलं, म्हणजे आईचं घर. आई काय फक्त मुलीलाच असते? आणि एकनाथांनी पंढरीला आपलं माहेर म्हटलंय. पुरुषानं चारशे वर्षांपूर्वी म्हटलेलं तुम्हाला आज म्हणायला काय हरकत?

अक्षरओळख

नाथांनी भक्ताला सासुरवाशिणीच्या जागी ठेवलं, म्हणून ते माहेर भिडतं. पुरुषानं सहज माहेर म्हणायची रूढी असती तर त्या अभंगात जोर उरला नसता. व्युत्पत्ती काहीही सांगो, रूढीनं माहेर बायकांचं केलंय.

दुभाषी

मघाशी तुम्ही बोळवणीच्या बाबतीत रूढीला दोष दिलात, वर्तमानपत्रांनी अर्थ पातळ केला म्हणालात. आता रूढीच प्रमाण. दोन्हीकडे एकच माप लावू या.

अक्षरओळख

मुद्दा मान्य. विचार करतो.

मेतकूट_भात

दोन दिवस आले नाही, इतकं सगळं वाचून भरून आलं. एकेकाला उत्तर देते.

दुभाषीताई, माझं घर खायला उठत नाही. सासूबाईंचा रेडिओ असतो, यांचं येणंजाणं असतं. मला जे जाणवतं ते कणीक मळताना. वीस वर्षं हात एकाच अंदाजानं डब्यातून पीठ काढतोय. वाटी लागत नाही, ओंजळच माप. परातीत पीठ पडलं की कळतं, हे पाच जणांचं आहे. मी दोन मुठी परत डब्यात टाकते. रोज टाकते. दूधवाल्याला दोन लिटरचं एक लिटर सांगितलं ते तोंडानं जमलं, हाताला अजून सांगता येत नाही. याला शब्द काय मला माहीत नाही. पण रिकामं नाही वाटत, उलट जास्त होतं सगळं, उरतं. तुमच्या पुस्तिकेत कुठं बसत असेल तर ‘उरणं’ बघा. आईच्या हातात उरतं.

भाच्याबद्दल. तो परवा घरी आला होता. मी त्याला विचारलं, ‘नारळ देणे’ म्हणजे काय रे? म्हणाला, नोकरीवरून काढणं. आणि खरा नारळ कधी देतात? ओटीत, निघताना. बघा ना, हातात काही देऊन पाठवायचे जेवढे शब्द होते त्यांचा हाकलण्याचा अर्थ झाला. वाटेला लावणं तसंच. आई म्हणायची, ‘पाव्हण्यांना वाटेला लावून येते’, म्हणजे फाट्यापर्यंत सोबत. मला याचं खरंच वाईट वाटतं. देण्याचं आपण विसरलो आणि घालवणं तेवढं लक्षात ठेवलं. म्हणून मी बोळवण म्हणणार, भाचा काही म्हणो.

आणि बोळवण केलीच होती. तेवीस किलोच्या दोन बॅगा. आमचा वजनकाटा न्हाणीघरातला, त्यावर आधी हे एकटे उभे राहायचे, मग बॅग उचलून, आणि वजाबाकी. साडेचोवीस भरली. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, छोटा कुकर. कुकर काढू म्हणाला, मी म्हटलं पुस्तकं काढ. शेवटी जाडं जाकीट अंगात घालून गेला ऑगस्टच्या उकाड्यात. निघताना सासूबाईंनी हातावर दही घातलं. ‘जातो’ म्हणाला, त्यांनी हात धरून ठेवला, ‘येतो म्हण.’ तो ‘येतो’ म्हणेपर्यंत सोडला नाही. माझ्या माहेरचा बोळवणीचा रिवाज विमानतळाच्या काचेच्या दारापाशी संपला. जवानानं पासपोर्ट बघितला, त्याला आत घेतलं. ट्रॉलीचं एक चाक आडवं चालत होतं, तो सारखा खाली वाकून ते सरळ करत होता. मागं वळून बघायला त्याला सवडच नव्हती. काका, आमचा बोळ तिथं संपला.

एक शब्द मात्र कोणाच्याच बोलण्यात आला नाही. हल्ली भेटेल तो म्हणतो, ‘आता काय, मोकळ्या झालात!’ प्रेमानंच म्हणतात. हाच शब्द मी एकवीस वर्षांपूर्वी ऐकलाय. याच मुलाच्या वेळी सासूबाईंनी दवाखान्यातून गावी फोन केला होता, ‘सूनबाई मोकळी झाली. मुलगा.’

बंगळूर_पुणे_बंगळूर

काकू, आईला आत्ता फोन केला. कणकेचं विचारलं. म्हणाली, तिनं परातच बदलली, लहान आणली. नऊ वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

दुभाषी

ताई, ‘उरणं’ टिपून ठेवलंय. आमच्याकडे माणसांनी भरलेल्या घराला ‘लेकुरवाळं’ म्हणतात. संपादकांना विचारलंय की शीर्षक त्या बाजूनं घेता येईल का, ‘लेकुरवाळ्या घरानंतर’. त्यांना अजून पटलेलं नाही, शोधायला कठीण जाईल म्हणतात.

गिरणाकाठ

जनाबाईंनी विठोबालाच लेकुरवाळा म्हटलंय. म्हणजे हा शब्द बापालाही लागतो. बापांबद्दल इथं कोणी बोललंच नाही, म्हणून आठवण करून दिली. माझी मुलगी पुढच्या जूनमध्ये दिल्लीला जाणार आहे.

अक्षरओळख

विचार केला. गौरीच्या बोळवणीत एक गोष्ट आहे जी मुलालाही लागू पडते. मूळ नक्षत्रावर गौरी निघते तेव्हा शिदोरीला मुरडीचा कानवला देतात. मुरड म्हणजे वळण. तिनं मागं वळून परत यावं म्हणून. बोळवणीत परत येणं गृहीत आहे, कटवण्यात ते नाही. फरक इथं करावा, मुलगा-मुलगी यावर नको. मी माझं पहिलं मत मागं घेतो. माहेराबद्दलचं नाही.

शुक्रवारकर

बोळाबद्दल मी माझं मत मागं घेत नाही.

मेतकूट_भात

मुरडीचे कानवले द्यायचे राहिलेच! करंज्या दिल्या होत्या, पण कातणानं कापलेल्या. पुढच्या आठवड्यात यांच्या मित्राची मुलगी त्याच गावी जातेय, डबाभर न्यायला तयार आहे. मला मुरड नीट जमत नाही, कड जाड राहते आणि तळताना उघडते. तिकडे पोचेपर्यंत टिकायला हवेत. सारण ओल्या नारळाचं नको, एवढं कळतं.

गिरणाकाठ

सुकं खोबरं किसून कोरडं भाजून घ्या, त्यात थोडी खसखस आणि पिठीसाखर. रव्याचं पीठ दुधात घट्ट भिजवा. कड उघडते ती बोटाला पीठ लागलेलं असतं म्हणून. कडेला दुधाचं बोट फिरवा, अंगठ्यानं दाबून आतल्या बाजूला दुमडत जा. माझी बायको सांगतेय, मी टंकतोय.

शुक्रवारकर

आतल्या बाजूला? आमच्याकडे मुरड बाहेरच्या अंगाला घालतात.