मदत हवी आहे: फिल्टरच्या पॅनेलवर नॉब कसे मांडू? (तातडीचं)

ब्रेडबोर्डवाला
मॉड्युलर सिंथेसायझरचा फिल्टर (आवाजातल्या ठरावीक फ्रिक्वेन्सी गाळणारं सर्किट) तयार आहे, ब्रेडबोर्डवर मस्त वाजतोय. आता पॅनेल कापायला द्यायचंय. ८ एचपीत (एचपी म्हणजे मॉड्युलच्या रुंदीचं माप) कटऑफ (कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून गाळायचं), रेझोनन्स (त्या फ्रिक्वेन्सीपाशी किती उठाव), दोन एफएम (बाहेरच्या सिग्नलनं कटऑफ किती हलवायचा) आणि इनपुट लेव्हल असे नॉब आणि केबलींसाठी सात जॅक बसवायचेत. मांडणी सुचवा. शिवाय कटऑफचा नॉब मधल्या भागातच काम करतो, दोन्ही टोकांकडे कितीही फिरवा, ढिम्म. तिथे लॉग पॉट (आधी हळू, शेवटी भराभर बदलणारा पोटेन्शियोमीटर) टाकू का? रविवारच्या आत फाइल पाठवायची आहे.

खर्ज
कुठला फिल्टर? लॅडर की स्टेट व्हेरिएबल? सप्लाय किती? पॉट ९ मिमीचे की १६ चे? सात जॅक कोणकोणते? तुमचा ब्रेडबोर्ड आम्हाला दिसत नाही हो.

ब्रेडबोर्डवाला
स्टेट व्हेरिएबल, एलएम१३७०० चिपवर. पॉट ९ मिमी. सप्लाय नेहमीचाच. जॅक म्हणजे इनपुट, वन व्होल्ट (एका व्होल्टला एक सप्तक), दोन एफएम आणि लो, बँड, हाय असे तीन आउटपुट. मला फक्त मांडणी विचारायची होती.

सोल्डरधूर
कटऑफला लॉगच लावा, डोळे झाकून. आपला कानच लॉगरिदमिक आहे.

खर्ज
अजिबात नको! एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर मग कशाला आहे? व्होल्ट सरळ वाढवत गेलात की फ्रिक्वेन्सी आपोआप दुप्पट-चौपट होत जाते. त्याच्या आधी लॉग पॉट लावलात तर एका टोकाला सगळी गर्दी होईल. लिनियर (एकसारखा बदलणारा) लावा, बी१००के, म्हणजे १०० किलोओहमचा.

सोल्डरधूर
माझ्या मिक्सरला सगळे लॉग आहेत. वर्षानुवर्षं झकास चाललंय.

खर्ज
मिक्सरचा पॉट आवाजाची पातळी बदलतो. त्याच्यामागे एक्स्पो कन्व्हर्टर नसतो. दोन्हींची तुलनाच होत नाही.

निवांत
एवढा खटाटोप कशासाठी? मायक्रोकंट्रोलर, छोटी स्क्रीन, एक एन्कोडर. पॅनेलवर एकच नॉब, मांडणीचा प्रश्नच मिटला.

एकतारी
निवांत, फिल्टर वाजवताना एक हात कटऑफवर आणि दुसरा रेझोनन्सवर असतो. मेनूत शिरून रेझोनन्स वाढवायचा तर कॉम्प्युटर काय वाईट?
धागाकर्ते, कटऑफ पॉटची दोन टोकं कशाला जोडलीत? आणि वायपरनंतरचा (पॉटच्या मधल्या पायानंतरचा) रेझिस्टर किती?

ब्रेडबोर्डवाला
+१२ आणि −१२. रेझिस्टर १०० के, वन व्होल्टच्या इनपुटला आहे तोच. पण याचा पॅनेलशी काय संबंध?

एकतारी
सगळा संबंध तिथेच आहे. तुमच्याकडे १०० के मधून एक व्होल्ट आला की कटऑफ एक सप्तक सरकतो. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २४ व्होल्ट फिरतो, म्हणजे २४ सप्तकं. माणसाला ऐकू येतं २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, जेमतेम दहा सप्तकं. पॉट साधारण ३०० अंश फिरतो, त्यातले सव्वाशे अंशच तुमच्या कामाचे. बाकी नुसती हवा. त्या एका जागी १०० के काढून २४० के लावा, पूर्ण फेरीत दहा सप्तकं पसरतील. पॉट लिनियरच राहू द्या.
आणि हा नॉब सगळ्यात मोठा ठेवा. मोठ्या नॉबच्या कडेवर बोट जास्त अंतर कापतं, त्यामुळे बारीक हालचाल जमते. वेगळा फाइन नॉब हवाच असेल तर तसाच पॉट एक मेगाओहममधून जोडा, अडीच सप्तकांच्या आत राहील. पण ८ एचपीत त्याला जागा कुठून आणणार?

सोल्डरधूर
म्हणजे लॉग कुठेच नको?

एकतारी
रेझोनन्सला हवा, पण उलटा, ज्यावर सी लिहिलेलं असतं तो. स्टेट व्हेरिएबलमध्ये डॅम्पिंग (कंपन दाबणं) कमी केलं की रेझोनन्स वाढतो. लिनियर पॉट लावला तर सगळी मजा शेवटच्या चिमूटभर फेरीत कोंबली जाते.

सोल्डरधूर
बघा, मी म्हणतच होतो.

वायरगुंता
प्रत्येक आयसीच्या सप्लायला १०० नॅनोफॅरड लावलेत ना? नाहीतर गुणगुण येईल.

ब्रेडबोर्डवाला
गुणगुण नाहीये. २४० के लावला, नॉब आता पूर्ण फिरवता येतोय. धन्यवाद एकतारी. आता मांडणी सांगेल का कोणी??

खर्ज
घ्या. ८ एचपी म्हणजे ४०.३ मिमी रुंदी. उंची १२८.५, पण वर-खाली केसची रेल येते, म्हणून सर्किट बोर्डाला १०८ च्या आसपासच धरा. एका ओळीत चार जॅक कोंबू नका, केबल लावताना बोटं अडकतात. तीन-तीन-एक करा, ओळींमध्ये १३ मिमी. जॅक खाली, नॉब वर, म्हणजे लोंबणाऱ्या केबली हाताखाली येत नाहीत. सगळ्यात वर एकटा कटऑफ, त्याखाली दोन-दोन नॉब, मध्यापासून मध्यापर्यंत २० मिमी. एवढ्यात बसतं, पण अगदी दाटीवाटीनं. १० एचपी केलंत तर मी खूश होईन.

वायरगुंता
फाइल पाठवण्याआधी कागदावर शंभर टक्के आकारात छापा, पुठ्ठ्यावर चिकटवून भोकं पाडा आणि पॉट घालून फिरवून बघा. प्रिंटरचं 'फिट टू पेज' बंद करायला विसरू नका, नाहीतर सगळं किंचित लहान छापलं जाईल.

निवांत
कटऑफभोवती हर्ट्झचे आकडे छापा, भारी दिसतील.

एकतारी
नको. तापमान बदललं की कटऑफ सरकतो, आकडे खोटे पडतात. साध्या रेघा पुरेत.

ब्रेडबोर्डवाला
१० एचपीला केसमध्ये जागा नाही, ८ च. फाइल पाठवतोय.

खर्ज
थांबा! एफएमचे नॉब साधे, म्हणजे सिग्नल फक्त कमी-जास्त करणारे आहेत, की सिग्नल उलटाही करणारे?

ब्रेडबोर्डवाला
पहिला अटेन्युव्हर्टर, दुसरा साधा. का?

खर्ज
मग पहिल्याचं शून्य बरोबर मध्यावर येतं आणि दुसऱ्याचं डाव्या टोकाला. दोघांभोवती सारख्याच रेघा काढल्यात तर अंधारात घोळ होईल. पहिल्याला वर मध्यावर ठळक खूण, डावीकडे वजा, उजवीकडे अधिक. आणि मध्यावर खटका बसणारा पॉट मिळाला तर तोच लावा.

ब्रेडबोर्डवाला
खूण टाकली. खटक्याचा पॉट त्याच भोकात बसतो ना?

सोल्डरधूर
तो लॉगमध्ये मिळतो का?